गरीब दिसण्याचा गुन्हा

त्याने हात पसरलेला नसला, तरी चालतं. पोटापाण्याचं साधन दिसत नाही, माणूस सार्वजनिक जागी भटकतोय किंवा बसलाय आणि अवतारावरून भिकेवर जगत असावा असं वाटतंय, एवढं पुरतं. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ त्यालाही भीक मागणाऱ्यांतच मोजतो. पकडायला पोलिसाला वॉरंट लागत नाही. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात डांबता येतं. पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षं.

नाक्यावरचा बिगारी, लग्नसराईत पंगती वाढणारा पोऱ्या, कचरा वेचणारी बाई, हे सगळे राबतात. पण रात्री पुलाखाली, उशाला गोणी घेऊन झोपलेल्या माणसाच्या अंगावर पोलिसाला मळका शर्ट दिसतो, दिवसभराची मजुरी दिसत नाही.

'भीक मागण्यामागे टोळ्या असतात हो,' असं लगेच ऐकवलं जातं. असतात ना! मग त्याच कायद्याचं कलम ११ वाचा. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा किती? एक ते तीन वर्षं. म्हणजे टोळीवाला आणि त्याने रस्त्यावर बसवलेली म्हातारी एकाच मापात!

दिल्लीलाही हाच कायदा लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं घटनाबाह्य ठरवली. हा सामाजिक-आर्थिक प्रश्न आहे, असं २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं. महाराष्ट्र मात्र ढिम्म. मार्च २०२३ मध्ये जी-२० निमित्तच्या बैठकीच्या तोंडावर नागपुरात कलम १४४ लावून चौकाचौकांत भीक मागायला बंदी घातली गेली. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याला गरिबी नव्हे, गरीब हटवायचे असतात.

शहरात दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा हवा, हा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. सरकारने निवारा द्यायचा नाही आणि उघड्यावर झोपलेल्याला उचलायचं, हा सरळसरळ अन्याय आहे.

हा कायदा मुंबईच्या विधिमंडळाने केला. तो मोडीत काढणंही इथल्याच विधिमंडळाचं काम. टोळीवाल्यांसाठीचं कलम ठेवा, हवं तर आणखी कडक करा. बाकीचा कायदा येत्या अधिवेशनात रद्द करा आणि डांबण्यावर होणारा खर्च निवाऱ्यांकडे वळवा.