उतारशेठ

पेट्रोलचा दर वाढला की ज्याच्या चेहऱ्यावर दसऱ्याचं तेज चढतं, तो गृहस्थ तुमच्याही पार्किंगमध्ये आहे. हिरवी नंबरप्लेट, एसी बंद आणि मागच्या सीटवर घामाघूम झालेलं कुटुंब. आमच्या पुण्याच्या सोसायटीत त्यांना उतारशेठ म्हणतात.

उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते, गाडी मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. एवढीशी गोष्ट. पण उतारशेठ ती अशी सांगतात, जणू त्यांच्या आजोबांनी सगळे घाट मुदत ठेवीत ठेवलेत आणि हे व्याज उचलताहेत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना अख्ख्या गावाला ब्रेकची धास्ती. हे मात्र खुशीत येऊन म्हणतात, "आता बघा कमाई!"

एकदा पाचगणीहून आम्ही त्यांच्या गाडीतून आलो. हॉटेलवाल्याने रात्रभर चार्जिंग फुकट देऊ केलं होतं. फुकट! उतारशेठनी पहाटे उठून प्लग काढला. बॅटरी काठोकाठ भरली तर पसरणी घाटातली वीज ठेवायची कुठे? शास्त्र त्यांच्याच बाजूने आहे, भरलेली बॅटरी उतारावरचं काही घेत नाही. पण फुकटची वीज नाकारून घाटातली कमावायला निघालेला पुणेकर माझ्या पाहण्यात दुसरा नाही. सहाएकशे मीटरचा उतार. वाई येईपर्यंत गाणी बंद, गप्पा बंद, एक डोळा वळणावर, एक आकड्यावर. खाली पोचल्यावर घोषणा झाली, "दीड युनिट!" घरगुती दराने पंधरा-वीस रुपये. त्या आनंदात त्यांनी आम्हा सगळ्यांना मिसळ खिलवली, वर ताक. (जाताना चढावर किती वीज गेली, हे विचारायचं नसतं. वहिनींनी एकदा विचारलं होतं. खंडाळ्यापर्यंत अबोला.)

विनाड्रायव्हर गाड्यांचं त्यांना काडीचं कौतुक नाही. उतार काय दुसऱ्याने उतरायचा? सॉलिड स्टेट बॅटरी मात्र 'दोन वर्षांत येतेच'. ही दोन वर्षं मी त्यांना ओळखतो तेव्हापासून दोनच आहेत.

हे वेड कुठून आलं, ते एकदा वहिनींनीच सांगितलं. लहानपणी सुट्टीत भावंडं पैसे जमवून तासाच्या भाड्याने टीव्ही गेम आणायची. मारिओत १०० नाणी झाली की एक जीव वाढतो, म्हणून हा मुलगा राजकन्येला सोडवायचं सोडून नाणी वेचत बसायचा. आणि ऐन किल्ल्यात लाइट जायचे. खेळ जिथे होता तिथून पुन्हा सुरू करायची सोय त्यात नव्हती. पुन्हा पहिल्यापासून, आणि भाड्याचा तास संपलेला. डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या हिरव्या रेघेकडे ते कसे बघतात, ते मला त्यानंतर थोडं कळलं.

सोसायटीने त्यांना चार्जिंग पॉइंट दिलेला नाही. 'आग लागेल' हा सेक्रेटरींचा मुद्दा. शिवाय वायर कुणाच्या तरी कुंडीवरून जाते. म्हणून ते ऑफिसजवळ चार्जिंग करतात आणि रांगेत उभे राहतात.

मे महिन्यातल्या वळवाने एका रात्री वीज गेली, ती गेलीच. जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, त्याचाही ठराव प्रलंबित होता. तळमजल्यावर सेक्रेटरींची आई अंथरुणाला खिळलेली. त्यांच्या हवेच्या गादीचा पंप बंद पडला, पंखा बंद पडला. कुणी कुणाला सांगायच्या आत उतारशेठनी गाडी खिडकीखाली लावली, एक्स्टेन्शन बोर्ड आत दिला. त्या गाडीतून घरातली उपकरणं चालतात, हे ते आम्हाला केव्हापासून सांगत होते. पुन्हा उताराचा विषय निघेल या भीतीने आम्ही ऐकलं नव्हतं. रात्रभर ते वायरीपाशी खुर्ची टाकून बसले. एक पंखा आणि एक गादी, त्याने बॅटरीचं काय बिघडतं म्हणा. फार तर दोन-तीन टक्के. तरी सकाळी मी चहा देताना मुद्दाम विचारलं, "किती गेली?"

"बघितलं नाही," ते म्हणाले.

पुढच्या सभेत सेक्रेटरींनी त्यांचे जाहीर आभार मानले. शाल, श्रीफळ, टाळ्या. चार्जिंग पॉइंटचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.