आमच्या पोटावर पाय

सडपातळ माणसांच्या वतीनं कोणीतरी बोलायला हवं होतं. कोणी पुढं येत नाही, म्हणून नाइलाजानं मीच लेखणी उचलतो आहे.

आम्ही जन्मजात बारीक माणसं. कॉलेजात असताना जे माप शिंप्याच्या वहीत लिहिलं गेलं, त्याच मापाची पँट आजही शिवून घेतो. यासाठी आम्ही आयुष्यात काहीही केलेलं नाही. वडे खाल्ले, भजी खाल्ली, जिलबीवर मठ्ठा आणि मठ्ठ्यावर जिलबी घेतली, जेवून लगेच आडवे झालो. अंगी लागलं नाही, एवढंच. यात कर्तृत्व शून्य. पण लोकांनी ते आमच्या खात्यावर जमा केलं आणि आम्हीही कधी परत केलं नाही. ‘कसं काय हो ठेवलंय स्वतःला!’ असं कोणी म्हटलं, की आम्ही किंचित हसून ‘तोंडावर ताबा, दुसरं काय’ एवढंच म्हणत आलो. या एका वाक्याच्या भांडवलावर घराण्यातल्या यच्चयावत जाड माणसांना सल्ला देण्याचा तहहयात परवाना आम्हाला मिळाला होता.

तो परवाना आता एका पेनानं रद्द केला आहे. हे पेन लिहायचं नव्हे. आमच्या भाचीच्या फ्रिजच्या दारात, विरजणाची वाटी आणि आलं-लसणाच्या पेस्टची बरणी यांच्या मधोमध ते उभं असतं. रविवारी सकाळी ती ते बाहेर काढते, टोकाला केसाएवढी सुई बसवते, मागची चकती फिरवते, पोटाची चिमूट धरते, ‘कट्’ असा आवाज होतो, ती मनात आकडे मोजते आणि चहा टाकायला जाते. झालं. घाम नाही, उपास नाही, पहाटेचा गजर नाही. या पोरीला गेली पंधरा-वीस वर्षं आम्ही काय काय सांगितलं होतं! कोमट पाण्यात लिंबू-मध. मेथीचं पाणी. जिऱ्याचं पाणी. दुधी भोपळ्याचा रस. सूर्यास्तापूर्वी जेवण. टीव्हीवर पहाटे दाखवायचे तो पोट थरथरवणारा पट्टा. पट्ट्यानं पोट गेलं नाही, पण कंबर मात्र धरली. प्रत्येक उपायानंतर आम्ही काट्याकडे बघून मान हलवायचो आणि म्हणायचो, ‘मनापासून करत नाहीस तू.’ किती बिनखर्चाचं, किती सात्त्विक समाधान होतं ते.

२०१८ चा सुमार म्हणजे तर आमच्या धंद्याचा सुवर्णकाळ. घरोघर दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, तेही ५५ मिनिटांत आटपा; मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोड्या थोड्या वेळानं खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. एकाच छताखाली सासू दीक्षितांकडे आणि सून दिवेकरांकडे असे संसार मी पाहिले आहेत. आम्हा बारीक मंडळींना दोन्ही पक्षांत मानाचं पान होतं, कारण आम्ही दोघांपैकी कोणाचंच ऐकत नव्हतो आणि तरी बारीक होतो.

आता या औषधाचं कूळ बघा. जेवल्यावर आपल्याच आतड्यात जीएलपी-वन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठराला सावकाश रिकामं व्हायला सांगतं आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप धाडतं. पण मराठी आग्रहापुढं टिकायला हे संप्रेरक फारच दुबळं. रक्तात उतरल्यावर दोन-तीन मिनिटांत त्याचा निकाल लागतो; वाढपी जिलबीचं तबक घेऊन दुसऱ्यांदा येईपर्यंत ‘पुरे’ म्हणणारं आत कोणी उरलेलंच नसतं. शास्त्रज्ञांनी शोध कुठं लावावा? गिला मॉन्स्टर नावाची एक विषारी पाल अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडल्या वाळवंटात राहते आणि वर्षातून मोजक्याच वेळा जेवते. डॉ. जॉन एंग यांना १९९० च्या दशकात तिच्या विषात आपल्या संप्रेरकासारखंच, पण कितीतरी जास्त टिकणारं द्रव्य सापडलं. त्यावरून बेतलेलं मधुमेहाचं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हल्लीच्या सेमाग्लुटाइडमध्ये पाल नाही, शाकाहारी वाचकांनी पाणी प्यावं; ते माणसाच्या संप्रेरकातच फेरफार करून आठवडाभर पुरेल असं बनवलं आहे. पण वाट दाखवली ती पालीनं. आपल्याकडे घोरपडीला दोर बांधून गड चढल्याची दंतकथा सांगतात. तिच्या या परदेशी भाऊबंदानं लोकांना काट्यावरून खाली उतरवलं.

सेमाग्लुटाइड अमेरिकेत २०१७ मध्ये आलं ते मधुमेहासाठी. साखर उतरली, तिच्याबरोबर वजनही उतरलं. २०२१ मध्ये तेच द्रव्य जास्त मात्रेत, नवं नाव लावून, खास वजनासाठी मंजूर झालं. मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन कमी झालेलं दिसलं. शंभर किलोच्या माणसाचे पंधरा किलो! एवढं वजन उतरवायला आमच्या सल्ल्यांना किती पिढ्या लागल्या असत्या, याचा हिशेब मी मुद्दामच करत नाही.

मी भाचीला विचारलं, ‘पण यात तुझं असं काय गं?’

ती म्हणाली, ‘मामा, तुमच्या बारीक असण्यात तुमचं काय होतं?’

हल्लीच्या मुलांना मोठ्यांशी बोलायची रीत राहिलेली नाही. मी विषय बदलून सात्त्विक पातळीवर नेला. म्हटलं, ‘शॉर्टकट आहे हा.’ ती म्हणाली, ‘तुम्ही बीपीची गोळी घेता, तेव्हा आई तुम्हाला म्हणते का, की मनापासून राग आवर, गोळी कसली घेतोस? डोक्यात दिवसभर खाण्याची कुजबुज चालायची, ती थांबलीय. बिस्किटाचा पुडा समोर पडलेला असतो आणि मी चक्क काम करत असते. तुम्हाला कायम असंच वाटत असेल तर तुम्ही ताबा वगैरे काही ठेवत नव्हता. तुम्हाला नुसती भूक कमी होती.’

यावर उत्तर असेलच. सापडलं की छापीन.

खरी कसोटी लग्नात लागली. मंगल कार्यालय, टेबलावर केळीचं पान, वाफाळता मसालेभात, त्यावर तुपाची धार. भाचीनं दोन घास भात खाल्ला, अळूवडीचा अर्धा तुकडा मोडून नवऱ्याच्या पानात सरकवला, जिलबीचं एक वेटोळं तोडलं आणि हात थांबवला. शेजारी मावशी. ही तीच मावशी, जिनं या मुलीला वयाच्या दहाव्या वर्षी चारचौघांत ‘पिंप’ म्हटलं होतं आणि चौथी जिलबी उचलताना तिच्या हातावर चापट मारली होती. मावशी व्याकूळ झाली. ‘अगं एक तरी घे. माझी शपथ आहे.’ शपथ वाया गेली. ‘बघवत नाही गं तुझ्याकडे, काय गालफडं बसलीत!’ तीही वाया गेली. शेवटी मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तेव्हा खाऊ नको म्हणत होतो ते वेगळं, आता खात नाही हे वेगळं.’ या वाक्यात आपली सगळी आहारसंस्कृती आली. जाड माणसानं कमी खावं, पण आपण वाढलेलं मात्र टाकू नये.

अमेरिकेत यापेक्षा फार निराळं घडलं असं नाही. वजन उतरवायला जिद्द आणि मोजून-मापून खाणं हवं, असं १९६३ पासून शिकवणारी वेट वॉचर्स ही कंपनी. २०२३ मध्ये तिनंच ही इंजेक्शनं लिहून देणारी सेवा विकत घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस ऑप्रा विन्फ्रे यांनी आपण वजनासाठी औषध घेतो हे सांगून टाकलं. त्या वर्षानुवर्षं या कंपनीच्या संचालक मंडळावर होत्या. मे २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘आहे तशीच मी सुंदर’ अशा चळवळीत पुढं असलेल्या कित्येकजणी मधल्या काळात गुपचूप दोन मापं खाली आल्या. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच: पाणी भरपूर पिते आणि चालते. आपल्याकडचे नट-नट्याही हल्ली खूप पाणी पितात.

आपलं सरकारही स्वस्थ नव्हतं. फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी घरात तेल दहा टक्के कमी वापरायला सांगितलं. जुलैमध्ये समोसा-जिलबीपुढं धोक्याच्या पाट्या लागणार अशी आवई नागपूरहून उठली. मग खुलासा आला, की पाट्या एकूणच तेल-साखरेबद्दल आहेत, समोशावर व्यक्तिशः रोष नाही. शिवाय चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आहेच. त्यातल्या मनाई केलेल्या आजारांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. तरी आपण ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघतच लहानाचे मोठे झालो. ‘आधी’मधला गृहस्थ रडवेला असायचा, ‘नंतर’मध्ये त्याला पोट कमी आणि केस जास्त असायचे. आता कंपन्या शहाण्या झाल्या आहेत. औषधाचं नावच घेत नाहीत. ‘लठ्ठपणा हा आजार आहे, डॉक्टरांशी बोला’ एवढंच सांगतात. वाक्य शंभर टक्के खरं आहे, म्हणून तर चिडायचीही सोय नाही.

आमच्यावरचा शेवटचा घाव मात्र खुद्द पुण्यातून आला, आणि तो इंजेक्शनाच्याही आधीचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर यडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाहेरून बारीक, आतून स्थूल असा हा भारतीय देह. चरबी दिसत नाही, पोटात दडून बसते आणि मधुमेहाला दार उघडून देते. भाचीनं हे वाचून दाखवलं आणि शिवणाच्या डब्यातली टेप माझ्या बेंबीवरून फिरवली. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. माझी किती भरली हे या सदराच्या विषयात बसत नाही. शिंपी इतकी वर्षं जुनंच माप वाचून दाखवत मनानं कापड सोडत होता, एवढं उघडकीला आलं.

तरीही आम्ही मंडळींनी धीर सोडलेला नाही. आमची भिस्त आता तीन गोष्टींवर आहे. पहिली, मळमळ. बऱ्याच जणांना सुरुवातीला मळमळतं, उलट्या होतात, पोट साफ होत नाही. त्यांना भेटायला आम्ही आवर्जून जातो. दुसरी, चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणजे व्यायाम आणि डाळी-उसळींवर बोलायला जागा शिल्लक आहे. तिसरी सर्वात गोड: औषध थांबवलं की वजन परत येतं. चाचणीत औषध बंद झाल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. ही बातमी आमच्या गटावर एका सकाळी अकरा जणांनी टाकली, फुलांच्या चित्रासह. बीपीची गोळी थांबवली की बीपीही चढतं, असं कोणीतरी खाली लिहिलं. त्याला गटातून काढलं.

किंमत हाही आमचा मोठा आधार होता. याच कुळातलं टिर्झेपेटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा आठवड्याची एक कुपी साडेतीन हजारांची, पुढच्या मात्रेची ४,३७५ रुपयांची. म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार, कमी जेवण्यासाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या २४ टक्के बायकांचं वजन जास्त आढळलं आणि १८.७ टक्के बायकांचं प्रमाणापेक्षा कमी. या दुसऱ्या गटाला हीच अवस्था फुकटात मिळते. तिच्यावर पेटंट घ्यायचं अजून कोणाला सुचलेलं नाही. ज्यांना औषधाची खरी गरज आहे, ते भाव ऐकून दुकानातून परत फिरतात. आणि ज्यांना लग्नाआधी पाच किलो उतरवून चोळीची एक शिवण आत घ्यायची आहे, त्या मेकअपवालीच्या आधी याची चौकशी करतात. औषध मंजूर झालंय ते बीएमआय तीस असलेल्यांसाठी, किंवा सत्तावीस आणि जोडीला मधुमेहासारखं दुखणं असलेल्यांसाठी. नवऱ्या मुलीचा असतो बावीस.

पण सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच, आणि देशी कंपन्या त्याच्या कितीतरी आधीपासून कंबर कसून उभ्या. भाव पडले की सगळे घेणार. आमच्या ओळखीच्या एका केटररनं आताच सांगितलंय, ताटाचा दर कमी होणार नाही. पाहुणे जेवोत न जेवोत, मसालेभात तेवढाच टाकावा लागतो. मुलीकडचे त्यामुळं चिंतेत आहेत. परवा एका घरी पत्रिकेचा मजकूर ठरत होता. ‘कृपया आहेर आणू नये’ झालं, ‘आपली उपस्थिती हाच आशीर्वाद’ झालं. मग वधुपित्यानं चष्मा पुसला आणि छापखानेवाल्याला सांगितलं, खाली ठळक अक्षरात एक ओळ घाला: ‘मुहूर्ताच्या आठवड्यातला डोस शक्यतो भोजनोत्तर घ्यावा.’