संत्र्याले चालते का?

शेंदूरजनाघाटात माणसाची पारख संत्र्याच्या कलमांवरून होते. ज्याला जंभेरीच्या खुंटावर डोळा भरता येत नाही, त्याच्या मताला कोणी विचारत नाही. अशा गावात मी दोन गायी घेतल्या आणि वर मक्याचा मुरघास केला. गाव हसलं. म्हटलं, थांबा, वासानेच गप्प करतो.

मका चिकात असताना कापला, कुट्टी केली, 500 किलोच्या बॅगेत भरून तुडवला. माझं वजन जन्मात पहिल्यांदा कामी आलं. 45 दिवस तोंड घट्ट बांधून ठेवलं. बॅगेचं, माझं नाही. उघडली तर काय ती आंबूस-गोड घमघम!

मग जो येईल त्याच्यासाठी बॅग सोडायची, मूठभर त्याच्या नाकाशी धरायची आणि भाषण ठोकायचं. ऐकून झालं की प्रत्येकाचा प्रश्न एकच : "हे संत्र्याले चालते का?"

आमच्याकडे ताक नासलं तरी हेच विचारतात. पोरगा इंजिनिअर झाला तरी हेच. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी शिक्षणाआधी विचारलं, "आंबिया बहार घेता का मृग?" मी भाबडेपणाने "मृग" म्हणालो. आंबियाला उन्हाळाभर ओलीत लागतं, म्हणजे आमच्या विहिरीचा तळ त्यांना बसल्या जागी दिसला. पोरगी दिली, पण पाण्याचा विषय निघाला की ते अजून माझ्याकडे बघतात.

तर मुरघास. सहाव्या दिवशी हात घातला तर ताप चढल्यासारखा गरम. हवा लागली की आतले यीस्ट जागे होतात, चारा टिकवणारं आम्लच खातात. मग उष्णता, मग बुरशी. उघडल्यावर रोज वरून एकसारखा थर काढायचा, उन्हाळ्यात निदान 15 सेंटिमीटर, आणि लगेच दाबून बांधायचं. माझ्या दोन गायी दिवसाला 30-35 किलो खाणार. एवढ्या मोठ्या बॅगेतून तेवढा थर उतरतो कुठे? विकणाऱ्याने बॅगेचा भाव सांगितला, हे नाही सांगितलं. दोन गायीवाल्याचा हिशेब कोणीच करत नाही. 50 किलोच्या पिशव्या भरल्या असत्या तर एक उघडली की दीड दिवसात साफ. पण पन्नासाच्या पिशवीशेजारी उभं राहून भाषण शोभत नाही ना! त्यात बाहेर मे महिना, आणि मी दिवसातून दहादा तोंड सोडणार.

गायीने हुंगलं आणि मान फिरवली. रिकाम्या गव्हाणीकडे न बघता माझा हात चाटायला लागली. त्या हाताला तोच वास होता. मला काही सुचेना. बायकोने मुकाट्याने कुटार आणून टाकलं. म्हणाली, "तुम्हाले दाखवाचं होतं, तिले खाचं होतं."

उरलेली बुरशी खड्ड्यात गेली. कुजून खत झालं, ते आळ्यांमध्ये टाकलं.

संत्र्याले चालते.