मनगटावरचा दिवाणजी

अहेरीत सध्या जो तो जळतो आहे. मे महिना आहे म्हणून नव्हे. मनगटावर घड्याळ आहे म्हणून. संध्याकाळी आलापल्ली रोडला फिरायला निघालेली साहेबमंडळी रामराम घालायच्या आधी विचारतात, "किती जाळल्या?" उत्तर चोख येतं, "५१२ कॅलरी!" अंदाजे पाचशे, असं कोणी म्हणत नाही. अंदाज म्हटला की शंका येते. वर सुटे बारा लावले की तोच आकडा खरा होतो. त्याच्या भरवशावर मग परतताना भज्यांची एक प्लेट होते.

हा आकडा येतो कुठून? घड्याळात हालचाल टिपणारं यंत्र असतं आणि कातडीवर हिरवा उजेड पाडून नाडी मोजायची सोय असते. वय, उंची, वजन आपण भरतो. त्यातलं वजन बहुधा लग्नाच्या वेळचं. हे सगळं सूत्रात घातलं की कॅलरी पडतात. मोजले जातात ते ठोके. कॅलरी ही अटकळ. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ६० जणांवर सात तऱ्हेची घड्याळं तपासली. नाडी बहुतेक घड्याळांनी ठीक सांगितली. कॅलरीत मात्र सर्वांत हुशार घड्याळ सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सर्वांत ढ ९३ टक्क्यांनी.

खरा खर्च मोजायची रीत आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन घातलेलं पाणी पाजायचं आणि पुढे आठ-पंधरा दिवस लघवी तपासत बसायचं. पण त्याचा फोटो स्टेटसला ठेवता येत नाही.

आमच्याकडे तर घोळ आणखी वाढतो. उन्हात नुसतं बसलं तरी नाडी चढते. वाघ दिसल्याची बातमी ऐकली तरी चढते. आलापल्ली-सिरोंचा रस्त्याने जीपमध्ये बसून निघा, खड्ड्यांचे हादरेही कधी कधी पावलांच्या खात्यात जमा होतात. रस्ता गुळगुळीत झाला तर तालुक्याची तब्येत बिघडेल, या काळजीपोटीच काम रखडलं असावं.

आता हेच घड्याळ भल्या पहाटे तेंदूची पानं तोडायला निघालेल्या बाईच्या हाती बांधा. वाकून पान खुडायचं, परतताना डोक्यावर भारा, तो धरायला हात वर. हात हलला नाही, की पावलं बुडाली. डोक्यावरचं ओझं तर घड्याळाला दिसतच नाही. घरी येऊन ती सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायला बसली, की ते मनगटावर थरथरणार: "बराच वेळ बसलात, जरा हला!"

तिच्या कॅलरींचा हिशेब दिल्लीने फार आधीच मांडलाय. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यातल्या माणसाला दिवसाला २४०० कॅलरी आणि शहरातल्याला २१०० लागतात असं ठरवलं, आणि त्यावरून दारिद्र्यरेषा ओढली गेली. म्हणजे आपल्या देशात एकेकाळी गरीब मोजला जायचा तो खाल्लेल्या कॅलरींवरून, आणि आता सुखवस्तू ओळखायचा तो जाळलेल्या कॅलरींवरून.

बाईचा हिशेब ठेवणारा असतो तो फळीवरचा, म्हणजे पुडे जमा करायच्या जागेवरचा दिवाणजी. तो पुडा उलटापालटा करतो, पान फाटकं म्हणतो, कोवळं म्हणतो, पुडा बाजूला टाकतो. सत्तरची एकोणसत्तर पानं त्याला खपत नाहीत. साहेबांच्या मनगटावरचा दिवाणजी मात्र दिलदार. कष्ट न बघता वही भरतो.

म्हणून आमची एकच मागणी आहे: या दोघांची बदली करा. मनगटावरच्याला फळीवर बसवा आणि १०० पुडे आणणाऱ्या बाईच्या नावावर २७ टक्क्यांच्या हिशेबाने १२७ लिहू द्या. फळीवरच्याला साहेबांच्या मनगटावर बांधा. तो एकेक कॅलरी उलटीपालटी करून बघेल, उन्हाच्या वेगळ्या काढेल, खड्ड्यांच्या वेगळ्या काढेल, उरतील तेवढ्याच वहीत चढवील. आणि साहेबांनी बोनसचं विचारलं, तर बाईला सांगतो तसंच पुढच्या हंगामात या म्हणेल.