भिंत दुसऱ्याची, कोळसा आपला

बसच्या वेळापत्रकाच्या फलकावर कोणीतरी कोळशानं लिहून ठेवतं, 'ही येत नाही.' रंगवलेल्या वेळेच्या अगदी शेजारी, थोडं तिरकं. फलक कुठल्या गावचा हे सांगत नाही, कारण असा फलक आपल्या ओळखीचाच असतो. छापील वळणाची अक्षरं ही अधिकृत, कोळशाची खरी. बाहेरगावचा माणूस पहिली वाचून बाकड्यावर बसतो, गावचा माणूस दुसरी वाचून काळीपिवळीकडे वळतो. कधीतरी रंगारी येतो, आधी कोळसा पुसतो, मग वेळा नव्यानं रंगवतो. बस पूर्वीसारखीच येत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत कोळसाही परततो.

पुण्यात कॉम्प्युटरच्या कामाला असलेला भाचा आमच्या गावी, ढाणकीला, आला तेव्हा असा कोळसा पाहून म्हणाला, "मामा, आता कोणत्याही वेबसाइटवर असं लिहिता येतं. ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडायचं, पानावरचं वाक्य निवडायचं आणि बाजूला आपली टीप टाकायची. तेच एक्स्टेन्शन ज्याच्याकडे आहे त्याला ती दिसते."

"आणि मालकाला विचारायचं नाही?"

"मालकाच्या भिंतीला हातच लावत नाही आपण. टीप राहते दुसऱ्याच सर्व्हरवर. तुम्ही पान उघडलं की एक्स्टेन्शन तिथं विचारतं, या पत्त्यावर कोणी काही बोललंय का? असेल तर बाजूच्या पट्टीत दाखवतं."

म्हणजे घरमालक आत झोपलेला, आणि ओट्यावर त्याच्याच घराची चर्चा चाललेली. आमच्याकडे यासाठी एक्स्टेन्शन लागत नाही, पण कल्पना मला एकदम पटली.

कल्पना जुनी निघाली. 1993 साली मोझॅक हा ब्राउझर आला, तेव्हाच त्याच्या कर्त्यांच्या डोक्यात ती होती. सगळ्या जगाच्या टिपा साठवायला तेवढा दमदार सर्व्हर कुठून आणायचा, म्हणून बेत मागे पडला. 1999 साली थर्ड व्हॉइस नावाचं साधन निघालं. कुठल्याही पानावर चिठ्ठी डकवा! लोकांनी डकवल्या, पण त्यांत शहाणपणाच्या थोड्या आणि शिव्या-जाहिरातींच्या फार. साइटमालक खवळले, त्यांनी विरोधाची मोहीम उघडली. 2001 मध्ये दुकान बंद. मग सप्टेंबर 2009 मध्ये खुद्द गूगलनं साइडविकी आणलं आणि 2011 संपेपर्यंत गुंडाळलंही. 2019 मध्ये गॅब या कंपनीचं डिसेंटर आलं. ज्या साइटींनी आपल्या पानांवर बोलायला बंदी केली तिथंही बोला, असा त्याचा बाणा. थोड्याच महिन्यांत फायरफॉक्सनं आणि क्रोमनं ते आपापल्या दुकानांतून काढून टाकलं.

इतके हुशार लोक, इतका पैसा, आणि ओटा काही जमेना. कारण शोधायला मला हॉटेलच्या पुढे जावं लागलं नाही.

ढाणकीत पेपर एकट्यानं वाचायची रीत नाही. हॉटेलात पेपर आला की पानं सुटी होतात. एकाकडे खेळ, एकाकडे जिल्हा, आणि बाजारभावाचं पान चहाच्या बशीखालून हातोहात फिरतं. दुपारपर्यंत त्याचा समास भरलेला असतो. कापसाच्या भावाशेजारी बॉलपेननं लिहिलेलं, 'ओला म्हणून कापतात.' खाली दुसऱ्या शाईत, 'वाळवून नेला तरी कापतात.' त्याच्याही खाली, तिसऱ्याच वळणात, 'मंग ठेवा घरी, पोरगी अंगावर आल्यावानी.' सही कोणाचीच नाही आणि तिची गरजही नाही. अक्षर सगळ्यांना माहीत आहे. तिसरं वळण वाचून दुसऱ्या शाईवाला मान वर करून म्हणतो, "काहून बे, तुहा विकला वाटते?" आणि चर्चा कागदावरून उतरून बाकावर येते.

आता यातल्या कोणाला उमरखेडच्या, यवतमाळच्या किंवा मुंबईच्या पेपरमालकाची परवानगी लागली नाही. पण दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे, तेच पान त्याच सकाळी सगळ्यांच्या हाती पडलं. दुसरं म्हणजे, लिहिणाऱ्याला उद्या त्याच बाकावर बसून चहा प्यायचा आहे. इंटरनेटवर पानं अब्जावधी. एक्स्टेन्शनवाले त्यांच्यापुढे मूठभर. तुम्ही एका पानावर मोठ्या हौशीनं टीप टाकावी आणि पुढचा टीपवाला तिथं कधी फिरकूच नये, ही शक्यताच जास्त. म्हणून बहुतेक पानं टिपेवाचून कोरी राहिली. जिथं गर्दी झाली तिथं उद्याच्या चहाची भीती नव्हती, म्हणून तिथं दंगा झाला.

एक मात्र टिकलं. 2011 साली डॅन व्हेली यांनी हायपोथेसिस सुरू केलं, ते अजून चालू आहे, आणि त्याचा मुख्य मुक्काम आहे कॉलेजच्या वर्गांत. प्राध्यापक एक लेख देतो, वर्गातली पोरं त्याच्या ओळीओळीला टिपा लावतात, एकमेकांना उत्तरं देतात. तेच पान, तीच माणसं आणि सोमवारी पुन्हा समोरासमोर. हे हॉटेलच झालं की! फक्त चहा नाही आणि मार्क आहेत. 2017 च्या फेब्रुवारीत डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं टिपांसाठी प्रमाण रचनाही ठरवून दिली. हायपोथेसिसमधली मला सर्वांत आवडलेली भानगड अशी, की टीप वाक्याला बांधताना ते वाक्याच्या मागची-पुढची थोडी अक्षरंही लक्षात ठेवतं. मजकूर जरा हलला तरी टीप आपली जागा शोधून काढते. मालकानं वाक्यच उडवलं, तर टीप पोरकी होते, आणि पोरक्या टिपांसाठी तिथं वेगळा कप्पा आहे. रंगाऱ्यानं पुसलेल्या कोळशाची अशी व्यवस्था अजून कुठल्या खात्यानं केलेली नाही.

दुसऱ्याच्या मजकुराशेजारी लिहिण्याचा आपला अनुभव तसा फार जुना. ज्ञानेश्वरी हीच मुळात गीतेवरची टीका, आणि मग त्या ज्ञानेश्वरीत लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या. एकनाथांना शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, बसून ती शुद्ध करावी लागली. पुढे कोणी आपली ओवी मिसळली, तर ते अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवल्यासारखं होईल, अशी तंबी त्यांनी शेवटी दिली. नाथांना मी ती बाजूची पट्टी दाखवली असती. करवंटी ठेवा, पण ताटाबाहेर.

महानुभावांनी ही पट्टी आपल्या परीनं केलीच होती. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की माहूर, त्यांचं मोठं ठिकाण. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एखादी लीळा एका शिष्याला अशी आठवते आणि दुसऱ्याला तशी, तेव्हा कोणाची आठवण वेगळी ते नावानिशी नोंदवून ठेवलेलं सापडतं. दोघांपैकी एकाला खोटं ठरवून मोकळं व्हायचं नाही. व्हॉट्सॲपवरच्या आमच्या भावकीच्या ग्रुपला हे कोणी शिकवेल तर बरं.

भाच्यानं जाताना माझ्या लॅपटॉपवर ते एक्स्टेन्शन बसवून दिलं. मी आधी जिल्ह्यातली दोन-चार सरकारी पानं उघडून पाहिली. एकाही पानावर एक टीप नाही. मराठी माणसाला सरकारी पानाबद्दल बोलायचं काही नसेल, यावर माझा विश्वास बसेना. मग सहस्रकुंडाची माहिती देणारं एक पान उघडलं. पैनगंगेचा हा धबधबा पावसाळ्यात नुसता गर्जत असतो, फोटो सगळे तेव्हाचे. उन्हाळ्यात येऊन कातळ बघत 'पाणी कुठाय' विचारणारे पाहुणे दरसाल दिसतात. म्हणून 'नयनरम्य' या शब्दाशेजारी मी लिहिलं, 'एप्रिल-मेमध्ये येऊ नका.' किती दिवस त्या टिपेकडे कोणी पाहिलं नसेल देव जाणे. एका सकाळी खाली उत्तर आलेलं दिसलं, नाव अनोळखी.

'ऑगस्टात या, पण कडेच्या कातळावर जाऊ नका, शेवाळ आहे. आणि परतीची शेवटची बस विचारून ठेवा, फलकावर लिहिली तेव्हा येत नाही.'