एकशे दहा बारचा रविवार

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला प्रेशर वॉशर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरतो, तेव्हा स्वागताला चेअरमन असतात, वॉचमन असतो, वरच्या मजल्यावरचे काका असतात. फक्त पाणी नसतं. खोक्यावर ‘११० बार’ छापलेलं असतं. मालक तो आकडा मोठ्यानं वाचतात. काका लगेच ‘आमच्या जावयाकडे दीडशेचा आहे’ म्हणून त्यांना जमिनीवर आणतात. नळाला किती दाब आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. टाकी दहा मीटर उंच असेल तर नळाला जेमतेम एक बार मिळतो. उरलेले एकशे नऊ मोटरनं पदरचे घालायचे, तेही तिच्यापर्यंत पाणी पोचलं तर!

बटण दाबलं जातं. धार येते, तुटते, पुन्हा येते. इथून निदानाला सुरुवात होते आणि त्याचा नियम एकच: आपण उभे आहोत ती बाजू सोडून दोष शोधायचा. ‘ऑनलाइन घेतलात ना, मग?’ हे पहिलं निदान. ‘चिनी माल’ हे दुसरं. तिसऱ्यात गन खोलली जाते. वास्तविक पाइपात हवा अडकलेली असते. मोटर बंद ठेवून नळ पूर्ण सोडावा, ट्रिगर दाबून धरावा, धार अखंड झाली की मगच बटण दाबावं, एवढाच त्यावर उपाय. माहितीपुस्तिकेत तो दिलेला असतो. पण पुस्तिका वाचणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करणं, म्हणून ती खोक्यासकट माळ्यावर जाते.

पाणी आत शिरतं तिथे एक बारीक जाळी असते. बोअरच्या पाण्यातली रेती तिच्यात मुक्कामाला असते, पण तिची चौकशी होत नाही. मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, तेव्हा वीज कंपनीचा उद्धार होतो. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून सोडलेल्या, टेबल-फॅनच्या लायकीच्या वायरवर आपण चौदाशे वॅटची मोटर टांगली आहे, हे कोणाला दिसत नाही. गन बंद असताना मोटर मधूनच आपोआप चालू होते, तेव्हा तर ‘यंत्रात काहीतरी आहे’ इथपर्यंत चर्चा जाते. असतंच, बहुधा झिजलेली ओ-रिंग असते आणि तिथून पाणी झिरपत असतं.

सगळं सुरळीत झालं की पराक्रम सुरू होतो. २००५ साली अमेरिकेत माउंट रशमोरवरचे चार राष्ट्राध्यक्ष अशाच जातीच्या, पण मोठ्या यंत्रांनी धुऊन निघाले. इथे दहा वर्षांची हॅचबॅक असते. तिचा चिखल नाहीसा होत नाही, शेजारच्या गाडीवर जातो. मग काका चप्पल पुढे करतात, पायासकट. हा विनोद तिथेच थांबवावा. अशी धार कातडीखाली शिरली तर जखम टाचणीएवढी दिसते आणि तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं.

मालकांचा ठेवणीतला मुद्दा म्हणजे पाण्याची बचत. ती होते, उघड्या नळीच्या तुलनेत. मिनिटाला सहा लिटरनं वीस मिनिटांत एकशे वीस लिटर, म्हणजे सहा बादल्या. फडकं घेतलेला माणूस दोन बादल्यांत गाडी पुसतो, म्हणून खोक्यावर तुलनेला त्याला घेत नाहीत. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. अशा शहरांत पाणी आणणारा टँकर आणि ते उडवणारं यंत्र एकाच फाटकातून आत येतात, आणि वॉचमन दोघांनाही सलाम करतो. टँकरचं बिल सभेत आलं की त्यावर दोन तास भांडण होतं. पाणी कुठे गेलं हा विषय अजेंड्यावर नसतो. तिथेही निदान पुढच्या टोकापासूनच चालतं.

तेव्हा वाचकहो, यंत्र दुरुस्तीला धाडण्यापूर्वी तपासणी मागून सुरू करा. आधी नळ, मग पाइप, मग जाळी, मग वायर. नोझलमधला खडा सर्वांत शेवटी, टाचणीनं. यंत्र कोरडं चालवू नका, आतले सील जळतात. आणि नळालाच पाणी नसेल तर जुनं फडकं घ्या. त्याला बार लागत नाहीत आणि त्याची वॉरंटीही संपत नाही.