दोन्ही एकत्र लागतात का?

भोरच्या स्टँडवरून सकाळच्या स्वारगेट गाडीनं तुम्ही एकदा तरी गेला असाल, तर काका तुम्हाला भेटलेलेच आहेत. हातात पिशवी, पिशवीत आणखी चार पिशव्या आणि मोबाइल नाकाला टेकवलेला. मोबाइलात कूपन.

मार्च 2023 मध्ये एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं. पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं आधीपासून होतंच. त्याच आठवड्यात काका काकूंना घेऊन गाडीत चढले आणि कंडक्टरला म्हणाले, "ही बाई आहे. शिवाय अडुसष्टची आहे. दोन्ही एकत्र लागतात का?"

"काका, अर्धं आणि अर्धं मिळून काय होतं?"

"तेच तर विचारतोय."

काकू खिडकीबाहेर बघत बसल्या. त्या कापूरहोळपर्यंत बाहेरच बघत होत्या.

तेव्हापासून हे वाक्य आमच्या आळीला चिकटलं. दाताच्या डॉक्टरकडे दोन दाढा काढायच्या होत्या, तिथे विचारलं. शेजाऱ्यांनी मुंज आणि वास्तुशांत एकाच दिवशी उरकली, तेव्हा आहेराचं एकच पाकीट पुढे करून विचारलं. पंचाहत्तरीनंतर एसटी 2022 पासून फुकट आहे. काकांना चौऱ्याहत्तरावं चालू आहे. वय वाढायची अशी आतुरतेनं वाट बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

2019 ची दिवाळी आठवते? गूगल पेनं पाच चित्रं जमवणाऱ्याला 251 रुपये लावले होते आणि रांगोळीचं चित्र काही केल्या कुणाला मिळत नव्हतं. ऐन नरकचतुर्दशीला, पहाटे, कानामागे उटणं तसंच, काका आमच्या दारात. "रांगोळी आहे का?" बायकोनं आतून रांगोळीचा डबा आणून हातात दिला. काकांनी डब्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "बरं, फूल असलं तरी चालेल." ती झेंडू आणायला वळली.

तुम्ही म्हणाल, चिकटपणा आहे. मलाही तसंच वाटायचं. पण चौपाटीवरच्या चपलांच्या दुकानदारानं एकदा आपणहून पन्नास रुपये कमी केले, तर काकांचं तोंड उतरलं. "सूट नको. कोड असला तर सांगा." सूट म्हणजे दुकानदाराची मेहेरबानी, कोड म्हणजे आपण शोधून काढलेली वाट. दुकानदार वस्ताद. त्यानं पुढच्या खेपेला पुठ्ठ्यावर 'पंत50' असं लिहून गल्ल्यामागे, सहज दिसणार नाही असं टांगलं आणि भाव साठ रुपयांनी चढवला. काकांनी कोड हेरला, पन्नास वाचवले आणि संस्थान परत मिळाल्यासारखे राजवाड्यावरून चालत घरी आले. दहा रुपयांचा हिशोब मी अजून त्यांना सांगितलेला नाही.

पण हा माणूस खुळा नाही, हे मला त्यांच्या पुतण्यामुळे कळलं. पुतण्यानं भाटघरच्या पाण्याकाठी तंबू टाकले. बाराशे रुपयांत रात्रभर मुक्काम, चिकन, सकाळी पोहे. एका वेबसाइटवाल्यानं त्याला व्हाउचर काढायला लावलं. शिकागोच्या ग्रुपॉननं 2008 पासून गाजवलेलीच रीत: माल निम्म्या भावात विकायचा आणि आलेल्या पैशाचे साधारण दोन वाटे करायचे, एक आपला, एक कंपनीचा. आपलं स्नॅपडीलही 2010 मध्ये अशीच कूपनं विकत सुरू झालं होतं. पुतण्या खुशीत. शनिवारी सगळे तंबू भरले, पुण्याच्या गाड्यांची रांग लागली.

काकांनी पिशवीतून एक जुनी पावती काढली आणि तिच्या पाठीवर मांडलं. बाराशेचे सहाशे. सहाशेतले तीनशे त्यांचे. तुझ्या हातात तीनशे. चिकन केवढ्याचं?

पुतण्या गप्प.

"शनिवार तर तसाही भरतो. तिथे कशाला वाटतोस? सोमवार ते गुरुवार तंबू रिकामे असतात ना, ते दे स्वस्तात. रिकाम्या तंबूचे शून्य येतात, त्यापेक्षा तीनशे बरे. आणि आलेल्या माणसाला जाताना किलोभर आंबेमोहोर दाखव, पूर्ण भावात. सूट घ्यायला आलेला माणूस सूट संपल्यावर जातो. भात आवडला तर परत येतो." मग जरा घुटमळून, "आणि माझ्यासाठी एखादा कोड ठेव."

पुतण्यानं शनिवारचं व्हाउचर बंद केलं. आता बुधवारी दोन-तीन तंबू लागतात आणि तांदळाच्या पिशव्या भरायला काका स्वतः जातात. फुकट. हे मी नाइलाजानं लिहितो आहे, कारण माझ्या वरच्या सगळ्या लिखाणाला ते मारक आहे.

परवा श्रावणात त्यांच्याकडे बसलो होतो. मुलाचा बंगळूरहून फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवर घेतात. एका बिलात दोघांनी ऐकावं. मुलगा म्हणाला, "बाबा, रजा एकदाच मिळतेय. गणपतीला येऊ की दिवाळीला?"

मी काकांकडे बघितलं. चहाचा कप खाली ठेवला. वाक्य येणार म्हणून हसू तयार ठेवलं. दाराशी काकूही थांबल्या.

"दिवाळीला ये," काका म्हणाले. "थंडी पडलेली असते. पोरांना बरं."

फोन ठेवून ते पिशव्यांच्या घड्या घालायला लागले. मला राहवलं नाही. "काका, विचारलं नाहीत?"

"गेल्या वर्षी विचारलं होतं."